यात काय आहे?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी एक छोटासा वाद ठरलेला असतो. उटणे घरी कुटायचे की बाजारातून पुडी आणायची? माझी आई होती तोवर हा वाद संभवतच नव्हता. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या असे एकेक जिन्नस ती काष्ठौषधींच्या दुकानातून स्वतः पारखून आणी, उन्हात घाली, खलबत्त्यात कुटी आणि जुन्या मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करी. पुडीतले उटणे तिने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. "अंगाला लावायचं ते. त्यात काय घातलंय, कुणी पाहिलंय?" एवढेच ती म्हणे, आणि तेवढ्यावर आम्हां सगळ्यांचे समाधान होई.

आता आई नाही आणि खलबत्ता माळ्यावर गेला आहे. तेव्हा यंदा वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मी पुडी आणायला बाजारात गेलो. आमच्या गावच्या बांगडीवाल्यांच्या आळीत एका जुन्या दुकानाचे आता दोन भाग झाले आहेत. एका भागात म्हातारे वडील अजून बांगड्या भरतात. दुसऱ्या भागात त्यांची मुलगी साबण, तेले, उटणी, ओठांचे रंग असा माल विकते. ही मुलगी माझी विद्यार्थिनी. माझ्या पुढे एक मारवाडी आजी उभ्या होत्या. सुनेसाठी घ्यायची ओठांच्या रंगाची कांडी हातात धरून त्या विचारीत होत्या, "बाई, यात काय आहे?" मुलीने खोक्यावरचा हिरवा ठिपका दाखवला आणि शेजारची अरबी वळणाची लहानशी मोहोरही दाखवली. "आजी, हे हलालचं आहे. यात चरबी नाही, किड्याचा रंग नाही, मद्यार्क नाही. तुम्हांलाही चालेल." आजींनी डोळे बारीक करून दोन्ही खुणा पाहिल्या, क्षणभर विचार केला आणि कांडी घेऊन त्या गेल्या.

मला हसू यायला हवे होते. जैन आजींनी हलालच्या मोहोरेचा भरवसा धरावा, ही गोष्ट गमतीची खरीच. पण मला हसू आले नाही. आजींचा तो प्रश्न मी त्याच मुलीच्या तोंडून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ऐकला होता, आणि तेव्हा मी जे वागलो ते मला त्या दुकानात उभ्या उभ्या आठवले.

तेव्हा ती नववीत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक छोटे नाटक लिहिले होते आणि त्यातले मुख्य काम तिला दिले होते. आवाज खणखणीत, पाठांतर असे की स्वतःचेच नव्हे, सगळ्यांचे संवाद तिला येत. प्रयोगाच्या संध्याकाळी जिल्ह्याच्या गावाहून रंगभूषाकार आला. मुलींच्या तोंडाला रंग फासत फासत तो हिच्यापाशी पोचला, तेव्हा तिने ओठ मिटून घेतले आणि मला हळूच विचारले, "सर, यात काय असतं? डुकराची चरबी नसते ना?" शेजारच्या मुली फिदीफिदी हसल्या. पडदा उघडायला अर्धा तास उरला होता. पाहुणे येऊन बसले होते. मी सर्वांसमक्ष म्हणालो, "नाटकात काम करायचं तर असले चोचले घरी ठेवून यायचे असतात." ती गप्प राहिली, पण तिने ओठही उघडले नाहीत. मी रागाच्या भरात तिचे काम दुसऱ्या मुलीला दिले. त्या मुलीला निम्मे संवाद येत नव्हते. नाटक पार पडले ते विंगेत उभे राहून ही पोर तिला शब्दन् शब्द पुरवीत होती म्हणून. टाळ्या पडल्या, मला हार मिळाला आणि मी ही गोष्ट विसरूनही गेलो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. रसायनशास्त्राशी माझी ओळख गंधकाच्या वासापुरती. त्यामुळे त्या रंगात काय होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नवल याचे, की ते आपल्याला ठाऊक नाही हेही मला जाणवले नाही. उत्तर माहीत नसले की माणूस प्रश्न विचारणाऱ्यावर चिडतो, हा मास्तरांच्या धंद्यातला जुना रोग आहे.

पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले की पोरीचा प्रश्न अगदी रास्त होता. चरबी किंवा तेल कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवले की साबण होतो आणि बाजूला ग्लिसरीन सुटते. ही चरबी गाईची, डुकराची असू शकते. तेल नारळाचे, ताडाचे असू शकते. मलमांना घट्टपणा आणणारे स्टिअरिक आम्ल असेच दोन्ही घरचे. कोलॅजन आणि जिलेटिन येते कातड्यांतून आणि हाडांतून, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून, स्क्वालीन शार्क माशाच्या यकृतातून किंवा ऑलिव्हच्या तेलातून. ओठांचा उत्तम लाल रंग कार्माइन. तो पेरू, मेक्सिकोकडच्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात, आणि एक पौंड रंगाला सुमारे सत्तर हजार किडे लागतात असे सांगतात. वेष्टनावर त्याची ओळख पुष्कळदा 'सीआय ७५४७०' एवढ्या आकड्यांत असते. सामान्य गिऱ्हाइकाने त्यावरून काय समजावे?

शिवाय यात एक मोठी मौज आहे. शुद्ध केलेले ग्लिसरीन डुकराचे असो वा नारळाचे, त्याचा कण अगदी एकसारखा. थेंब तुमच्या पुढ्यात ठेवला तर तो कोठून आला हे त्या थेंबाला पुसून कळायचे नाही. वस्तूचा इतिहास वस्तूत राहत नाही, तो सांगणाऱ्याच्या शब्दात राहतो. म्हणजे हा प्रश्न जितका रसायनाचा आहे तितकाच विश्वासाचाही आहे.

हलाल म्हणजे विहित, हराम म्हणजे निषिद्ध. खाण्यापुरता हा भेद आपल्याला ठाऊक असतो; पण अंगाला लावायच्या वस्तूला तो कशाला, असे पुष्कळांना वाटते. मला वाटले होते. त्याचे कारण नमाजात आहे. प्रार्थनेला उभे राहताना अंग आणि वस्त्र दोन्ही शुद्ध असावे लागते, आणि त्याआधी हात-पाय-तोंड धुताना पाणी कातडीला पोचावे लागते. नखांवर रंगाचा थर असला की पाणी अडते. पोलंडमधल्या व्होइचेख इंग्लोट या रसायनतज्ज्ञाने हवा आणि बाष्प आरपार जाऊ देणारा नखरंग काढला तो नखांच्या आरोग्यासाठी. पण मुसलमान स्त्रियांमध्ये त्याचा बोलबाला झाला तो या अडचणीमुळे. कारखानदाराच्या मनात एक, गिऱ्हाइकाच्या मनात दुसरे, आणि तरी दोघांचेही समाधान, असे बाजारात क्वचित घडते.

या व्यवहाराची खरी पेठ मात्र आग्नेय आशियात आहे. इंडोनेशियात १९८८ साली खाण्याच्या पदार्थांत डुकराची चरबी असल्याच्या वार्तेने मोठी खळबळ उडाली आणि पुढच्याच वर्षी तेथल्या उलेमांच्या मंडळाने माल तपासणारी संस्था काढली. नूरहयाती सुबाकत या औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या बाईंनी १९८५ मध्ये घरगुती प्रमाणावर केसांची प्रसाधने करायला आरंभ केला होता. १९९५ साली त्यांनी 'वार्दा' या नावाने हलाल प्रसाधने बाजारात आणली. वार्दा म्हणजे गुलाब. आज त्या देशातल्या घराघरांत ते नाव आहे. मलेशियाने २००८ मध्ये हलाल प्रसाधनांचे सरकारी मानक ठरवले. इंडोनेशियाने २०१४ मध्ये कायदा केला आणि प्रसाधनांवर हलालची खूण सक्तीची करण्यासाठी पुढे ऑक्टोबर २०२६ ची मुदत घातली. आपल्याकडे अहमदाबादेतून २०१४ च्या सुमारास 'इबा' नावाची प्रसाधने निघाली. हलाल आणि शाकाहारी अशी दोन्ही बिरुदे त्यांना आहेत. आमच्या मारवाडी आजी काही एकट्या नव्हेत.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? ओठ रंगवणे ही काय जगण्यामरण्याची गोष्ट आहे? पण म्हणूनच तर तो करायचा! प्राणावर बेतले असता निषिद्धाचाही दोष लागत नाही, असे इस्लामी धर्मशास्त्र सांगते, आणि आपल्याकडचा आपद्धर्म काही निराळे सांगत नाही. औषधाला सबब असते, भुकेला सबब असते. शोभेला सबब नाही. जी वस्तू नसती तरी चालले असते, तिच्यापायी आपला नेम कोणी का मोडावा?

आता माझ्याच घराकडे वळतो. १९८३ साली आपल्या देशात वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण गाजले. मी तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला. पण आमच्या घरात ती कथा पुढे वर्षानुवर्षे सांगितली जाई. आईने वनस्पतीचा अर्धा भरलेला डबा परसात पुरला, हात सात वेळा धुतले, आणि मरेपर्यंत त्या तुपातला पदार्थ कोणाच्या घरी खाल्ला नाही. ही कथा सांगताना आमचा ऊर भरून येई. केवढी तिची निष्ठा! तीच निष्ठा एका बांगडीवाल्याच्या मुलीने ओठ मिटून दाखवली तेव्हा मी तिला चोचले म्हणालो. आईच्या मुखी जो प्रश्न शुचिर्भूतपणाचा होता, तोच परक्याच्या पोरीच्या मुखी गेल्यावर खुळचट ठरला. शब्द तेच होते. माझा कान तेवढा बदलला होता.

थोडे मागे जाऊन पाहावे. १८५७ साली बराकपूरच्या आणि मीरतच्या शिपायांनी हेच विचारले होते, यात काय आहे? काडतुसाला लावलेली चरबी गाईची की डुकराची, याचे सरळ उत्तर त्यांना वेळेवर मिळाले नाही. पुढे साहेबांनी सांगून पाहिले की तुमचे वंगण तुम्हीच करा, काडतूस दाताने न तोडता हाताने तोडा. पण तोवर विश्वास संपला होता. त्या बंडाची कारणे पुष्कळ होती, हे मी मुलांना शिकवतो. तरी एका प्रश्नाचे उत्तर न देण्याची किंमत केवढी असते, हेही त्यात शिकवण्यासारखे आहे. उलट पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात आर्देशर गोदरेज यांनी मुंबईत चरबीवाचून, निव्वळ वनस्पतींच्या तेलांचा साबण केला आणि तसे उघड सांगून तो विकला. रवींद्रनाथांनीही त्याची वाखाणणी केली होती. स्वतः पारशी असलेल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या मनातली शंका ओळखली, तिला हसला नाही, आणि त्यात त्याचा धंदाही बुडाला नाही.

इथवर आलो म्हणजे सोवळ्याची बाजू जिंकली असे वाचकांना वाटेल. पण मन इतक्यावर थांबत नाही. माझे वडील रेशमी मुकटा नेसून पूजा करीत. सुताला विटाळ होतो, रेशमाला होत नाही, असे आम्हांला शिकवलेले. त्या मुकट्यासाठी हजारो किडे कोशासकट उकळत्या पाण्यात गेलेले असतात, हे मला शाळेतल्या धड्यात कळले; देवघरात कोणी बोलले नव्हते. देवाला लावायची कस्तुरी हरिणाच्या पोटाशी असते, गोरोचन गाईच्या पित्ताशयात. नववधूच्या पावलांना लावायचा अळिता लाखेच्या किड्याचा. आपण ज्याला कौतुकाने किरमिजी रंग म्हणतो त्या शब्दातच किडा दडलेला आहे; अरबी 'किर्मिझ' म्हणजे रंग देणारा किडा, आणि आपल्या 'कृमी'शी त्याचे नाते सांगतात. म्हणजे आपली शुद्धता ही पुष्कळदा कशाला शिवावे याची शुद्धता असते. कोणाला मारले याची चौकशी तीत असतेच असे नाही.

धर्मशास्त्रकारांना हे कोडे पडले नसेल असे नाही. इस्लामी न्यायशास्त्रात 'इस्तिहाला' म्हणजे रूपांतर नावाचा एक विचार आहे. दारूचा आपोआप शिरका झाला तर तो विहित होतो, कारण वस्तूच बदलली. मग डुकराच्या चरबीचा साबण झाला तर? हनफी आणि मालिकी पंथांतले पुष्कळ पंडित म्हणतात, पालटलेली वस्तू नवी समजावी. शाफी पंथाचे लोक याबाबतीत कडक. आणि इंडोनेशिया, मलेशियात शाफी पंथाचेच प्राबल्य, म्हणून तेथली तपासणीही कडक. आपल्याकडे ओढ्याचे पाणी गंगेला मिळाले की गंगाजल होते, असे म्हणतात. तरी काठावर बसून 'पण तो ओढा कुठला?' असे विचारणाराही कोणी असतोच. रूप पालटले म्हणजे मूळ पुसले जाते का? माणसाच्या बाबतीत आपण म्हणतो, जावे. वस्तूच्या बाबतीत मन कचरते. मला वाटते, या कोड्याचे एकच उत्तर सर्वांना लावता येणार नाही. ज्याच्या कातडीला ती वस्तू लागायची, त्याने ते आपल्यापुरते द्यावे. त्यासाठी खरी माहिती मात्र त्याच्या हाती हवी. विकणाऱ्याचे कर्तव्य एवढेच, आणि ते थोडे नाही.

बाजार मात्र एवढ्यावर थांबत नाही. श्रद्धा हा खपाचा माल आहे, हे त्याने केव्हाच ओळखले आहे. ज्या वस्तूत चरबी असण्याचा संभवही नव्हता तिच्यावरही मोहोर उमटते. तपासणी करणाऱ्याची दक्षिणा किमतीत मिळते. आणि मोहोर नसलेली वस्तू उगीचच संशयित ठरते. मग मोहोरेचाही झगडा सुरू होतो. उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी हलालच्या प्रमाणपत्राच्या मालावर राज्यात बंदी घातली, निर्यातीचा माल तेवढा वगळला, आणि वाद न्यायालयात गेला. त्या वादाचा न्याय मी करणार नाही. माझे भय निराळे आहे. खूण वस्तूवर असते तोवर ठीक. ती माणसावर उमटू लागली, अमक्याच्या दुकानात जाऊ नये, तमक्याच्या हातचे घेऊ नये असे झाले, की जुनी अस्पृश्यता नवे कपडे घालून दारात उभी राहते. 'यात काय आहे?' हा प्रश्न डबीला विचारायचा आहे. तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून विचारायचा नाही.

आणि एक प्रश्न असा आहे की जो कोणतीच मोहोर विचारीत नाही, किंवा क्वचित विचारते. कुराणात हलाल या शब्दाला जोडून 'तय्यिब' असा शब्द येतो. त्याचा अर्थ चांगले, निर्मळ, हितकर. नुसते विहित असून भागत नाही, ते चांगलेही असावे. ओठांच्या रंगात, गालांच्या पुडीत जी चमक असते ती अभ्रकाची. हे अभ्रक पुष्कळसे येते झारखंड आणि बिहारच्या डोंगरांतून. कोडरमा, गिरिडीह ही त्या मुलखातली नावे. तेथल्या टाकून दिलेल्या खाणींत आणि ढिगाऱ्यांत लहान मुले हातांनी अभ्रकाचे तुकडे वेचतात, हे वारंवार उघडकीस आले आहे. कधी बिळासारखी खाण ढासळून ती आतच राहतात. अभ्रक हा दगड. त्यात गाय नाही, डुक्कर नाही, किडा नाही. हिरवा ठिपका त्याला खुशाल मिळेल, आणि हलालची मोहोरही नाकारायचे कारण नाही. चरबी टाळावी म्हणून आपण ताडतेलाकडे वळलो. त्यासाठी सुमात्रा आणि बोर्निओची रानेच्या राने तुटली. तेल शाकाहारी खरे, पण वनमानवाचे घर त्यात जळाले. आईचा प्रश्न या ठिकाणी तोकडा पडतो, आणि माझ्या विद्यार्थिनीचाही. यात काय आहे, हे कळले. यात कोणाचे हात आहेत, हे कळायचे आहे.

पण म्हणून पहिला प्रश्न टाकून द्यावा, असे मात्र मला वाटत नाही. ज्याला चरबीविषयी विचारायची सवय आहे तोच उद्या मुलांच्या हातांविषयी विचारील. ज्याने कधी काहीच विचारले नाही, त्याच्याकडून काय आशा करावी? ओठ मिटून घेणाऱ्या त्या पोरीत जी धिटाई होती तिच्यापासूनच पुढची धिटाई निघते. आम्ही मास्तर लोक ती वर्गात फुलवतो असे म्हणतो. मी ती एका संध्याकाळी विंगेत ढकलली.

आजी गेल्यावर मुलीने मला पाहिले. "सर, या ना, बसा." तिने स्टूल पुढे केले. मी बसलो आणि बऱ्याच वर्षांचे मनात साठलेले एकदम बोलून गेलो, "त्या नाटकाच्या दिवशी मी तुझ्याशी चुकीचं वागलो, पोरी." तिला आठवायला वेळ लागला नाही. ती उटण्याच्या पुड्या काउंटरवर रचीत राहिली. मग म्हणाली, "काम गेल्याचं वाईट वाटलं होतं सर. पण मला काम करायचं नाही असं मी म्हटलंच नव्हतं. मला फक्त उत्तर हवं होतं. तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणाला असतात, तर मी घरून काजळ आणि कुंकू आणून ओठ रंगवले असते."

पलीकडून तिचे वडील एका गिऱ्हाइकाच्या हातात हिरव्या बांगड्या भरता भरता हसले. "लहानपणापासून अशीच आहे मास्तर. आम्हांलाही सोडत नाही."

मी उटण्याची पुडी उचलली, उलटी केली आणि चष्मा पुसून मागची बारीक अक्षरे वाचू लागलो. नागरमोथा, कचोरा, वाळा इथवर जमले. पुढचे दोन शब्द मला लागेनात. मी पुडी तिच्यापुढे धरली.

"यात काय आहे गं?" मी विचारले.

तिने हातातले काम बाजूला ठेवले, पुडी दिव्याखाली नेली आणि मला एकेक शब्द वाचून दाखवू लागली.